कोल्हापुरात मनाच्या दुखण्यावर उपचार शोधताना

मुतखडा झाला तर कोल्हापुरात डॉक्टर शोधायला दहा मिनिटं पुरतात. शेजारचे काका एक नाव सांगतात, तालमीतला कुणी दुसरं सांगतो, मेडिकलवाला तिसरं. पण झोप उडाली, महिनाभर कशात मन लागेना, घरातला पोरगा खोलीबाहेर यायचा थांबला, तर यातल्या एकालाही विचारायची सोय राहत नाही. सकाळी विचारलं की संध्याकाळपर्यंत पेठेत पोचतं. त्यामुळे ज्यांना माहिती आहे ते बोलत नाहीत आणि ज्यांना हवी आहे ते विचारत नाहीत.

सोयी मात्र आहेत. सरकारी आहेत, खासगी आहेत, फोनवर फुकट मिळणाऱ्याही आहेत. त्या विखुरलेल्या आहेत, आणि कोणत्या दारातून आत शिरायचं हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. उदाहरणं कोल्हापूरची देतोय, कारण मला हेच शहर माहीत आहे. सांगली-मिरज, सातारा, सोलापूर इथेही मांडणी फारशी वेगळी नाही.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी निवड त्यावरच बेतलेली आहे. मनाच्या आजारात पहिली भेट कुणाकडे झाली याला लोक वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतात. खरा फरक पडतो दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या भेटीने. म्हणून पुण्याचा नामांकित डॉक्टर एकदा गाठण्यापेक्षा, जिथे वर्षभर फेऱ्या मारणं खिशाला, रजेला आणि एसटीच्या वेळापत्रकाला झेपेल, असं ठिकाण निवडा.

आजची रात्रच अवघड असेल तर

घरात आत्ता प्रसंग ओढवला असेल, तर एवढंच वाचा. बाकीचं नंतर.

१४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. आधी समुपदेशक बोलतो, गरज दिसली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात. स्वतःसाठी करता येतो तसाच भावासाठी, बायकोसाठी, वसतिगृहातल्या मैत्रिणीसाठीही हा फोन करता येतो.

माणूस निरवानिरवीची भाषा करत असेल तर आडून चौकशी करू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरते ही समजूत खोटी आहे. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. शेतीची औषधं, उंदराचं औषध, साठलेल्या गोळ्या घरातून बाहेर काढा आणि दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. आपल्याकडे फवारणीतून उरलेली बाटली गोठ्याच्या फळीवर वर्षभर पडून असते. तो टोकाचा क्षण पुष्कळदा टळून जातो, त्या वेळी हाताशी काही नसलं म्हणजे झालं.

काही घेतलंच असेल तर १०८ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या कॅज्युअल्टीत न्या. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होईल, पोलीस जबाब घ्यायला येतील, त्याला घाबरून दुखणं लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही.

माणूस भान हरपून अंगावर धावून येत असेल तर पोलिसांसाठी ११२. आजारपणामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल अशा अवस्थेतल्या माणसाला सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, याच कायद्याचं कलम १०० तसं सांगतं. फोनवर "आजारी आहे, दवाखान्यात न्यायचंय" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आणखी दोन प्रसंग असे आहेत की ते मनाचे वाटतात, पण धावायचं असतं फिजिशियनकडे. एक, रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावण पाळायचा म्हणून किंवा माळ घातली म्हणून एकदम दारू सोडली, आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं, फिट येणं असं सुरू झालं. यात जीव जाऊ शकतो. "सुटतीय तर सुटू दे" म्हणून घरी बसवू नका. दोन, परवापर्यंत ठणठणीत असलेले आजोबा अचानक बरळायला लागले, दिवस-रात्र कळेना. "वय झालं" किंवा "डोकं फिरलं" असं म्हणण्याआधी सोडियम, साखर आणि लघवीची तपासणी करून घ्या. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तदाबाच्या गोळीने उतरलेलं सोडियम एवढंच कारण पुष्कळदा निघतं.

कोण काय करतं

राजारामपुरीतल्या गल्ल्यांतून फिरताना पाट्या वाचत गेलात तर गोंधळ होतो. "न्यूरोसायकियाट्रिस्ट", "मेंदू व मनोविकार", खाली बारीक अक्षरांत "निद्रानाश, डोकेदुखी, फिट्स, व्यसनमुक्ती, लैंगिक समस्या". ही यादी बहुतेकदा रुग्णाच्या सोयीसाठी असते. कुणी पायरीवर दिसलंच तर डोकेदुखीसाठी आलोय म्हणता येतं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देतो, दाखल करतो, प्रमाणपत्र देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलून करायचे उपचार करतो, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. समुपदेशकाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारेही समुपदेशक म्हणवतात आणि आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केलेलेही. न्यूरोलॉजिस्ट हा चौथाच: पक्षाघात, फिट्स, कंपवात ही त्याची कामं. उदासीसाठी त्याच्याकडे नंबर लावून एमआरआयवर काही हजार घालवणारे बरेच भेटतात.

ढोबळमानाने असं ठरवा. झोप-भूक पार बिघडली, कामावर जाणं बंद पडलं, कानात आवाज येतात, विनाकारण संशय बळावला, जीव द्यायचे विचार येतात, किंवा माणूस चार-चार दिवस न झोपता भलत्याच उत्साहात पैसे उधळतोय, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. कामधाम सुरू आहे पण आतून ओढाताण होतेय, नातं तुटतंय, परीक्षेची धास्ती बसलीय, कुणी गेल्याचं दुःख ओसरत नाही, तर सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशकाकडून सुरुवात केली तरी चालते. चुकलं तरी बिघडत नाही, चांगला माणूस योग्य जागी पाठवून देतो.

सुरुवात फॅमिली डॉक्टरकडून करावी का?

ज्यांचा फॅमिली डॉक्टर अजून टिकून आहे त्यांनी जरूर करावी. थायरॉइड मंदावला, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन उतरलं, साखर बिघडली, तर माणूस सुस्त, चिडका, उदास होतो. या साध्या रक्ततपासण्या आधी झाल्या की पुढच्या डॉक्टरचा वेळ वाचतो आणि घरातल्या "अंगात रक्त नाही म्हणून असं होतंय" या वादाचाही निकाल लागतो.

मात्र एक सवय मोडायला हवी. झोपेची तक्रार ऐकून लिहून दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ओळखीच्या मेडिकलमधून महिनोन्महिने आणत राहायची. या गोळ्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि एकदम बंद केल्या तर त्रास होतो. दोन-तीन आठवड्यांत भागलं नाही तर फॅमिली डॉक्टरकडून तज्ज्ञासाठी चिठ्ठी मागून घ्या. ते रागावत नाहीत.

सरकारी दार: सीपीआर आणि तालुक्याचं रुग्णालय

कोल्हापुरात सगळे सीपीआर म्हणतात ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मानसोपचार विभाग असतो, शिकवणारे प्राध्यापक असतात, शिकाऊ डॉक्टर असतात. सांगली-मिरजेला, सोलापूरला सिव्हिलमध्ये, छत्रपती संभाजीनगरला घाटीत हीच व्यवस्था आहे.

ओपीडी सकाळची असते. केस पेपरच्या खिडकीवर रांग लावताना "मानसोपचार" असं स्पष्ट सांगा. पुष्कळ जण लाजून "डोकं दुखतंय" म्हणतात, मेडिसिनचा कागद मिळतो आणि तास-दोन तास चुकीच्या बाकावर जातात. आधार कार्ड जवळ असू द्या. सोमवार आणि सणानंतरचा पहिला दिवस टाळता आला तर बरा. आधी बहुधा निवासी डॉक्टर सगळी हकिगत लिहून घेतो, मग वरिष्ठ बघतात. "एकच गोष्ट दोनदा का विचारतात?" म्हणून वैतागू नका. तो तरुण डॉक्टर खासगीतल्यापेक्षा जास्त वेळ ऐकून घेतो असाही अनुभव येतो. पुढच्या वेळी डॉक्टर बदललेला असेल, ही सरकारी दवाखान्याची खरी अडचण आहे. म्हणून केस पेपर घरी सांभाळा आणि दर वेळी न्या.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे असल्याने तिथे थोडंफार शुल्क लागू शकतं.

गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडीकडच्यांनी दर वेळी कोल्हापूर गाठण्याआधी आपल्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. १९९६ साली देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्ह्याचं पथक ठरावीक दिवशी तालुक्याच्या ठिकाणी जातं, रुग्ण बघतं, गोळ्या देतं. वार बदलतात, म्हणून आशाताईंना किंवा रुग्णालयात विचारून जा. चंदगडकरांना बेळगाव जवळ पडतं आणि ते तिकडेच जातात. ते ठीकच आहे. जिल्ह्याची हद्द पाळून आजार बरा होत नाही.

खासगी डॉक्टर निवडताना

नाव कळलं की आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी बघा. सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयच्या संकेतस्थळावर. पाच मिनिटांचं काम आहे. पाटीवर "मानसोपचार" लिहिलेलं असतं आणि पदवी तिसऱ्याच शाखेची निघते, असंही होतं.

मग फोन. उचलणारा कंपाउंडर असतो, घाईत असतो, त्यामुळे नेमकं विचारा. पहिल्या भेटीची फी किती, नंतरची किती? पहिल्या भेटीला साधारण किती वेळ देतात? नंबर फोनवर लावता येतो का? संध्याकाळी सातनंतर बघतात का? औषधं तिथल्याच मेडिकलमधून घ्यावी लागतात का? पुढच्या भेटी व्हिडिओवर होतात का? आपल्याकडे पहिल्या भेटीला काही शे ते हजार-दीड हजार असा खर्च धरून चाला. महिन्यातून एकदा, वर्षभर, अधिक गोळ्या, असा हिशेब मांडून झेपत नसेल तर लाज न बाळगता सीपीआर धरा. खासगीत तीन महिने जाऊन पैशाअभावी थांबण्यापेक्षा सरकारीत दीड वर्ष जाणं केव्हाही चांगलं.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती खरी आहे, तिला हसू नये. शिवाजी पेठेतला माणूस म्हणूनच सांगलीला जातो. जावं, हरकत नाही. फक्त दर महिन्याला सांगलीला जाणं जमेल का, हे आधी बघा. मनोविकाराची पाटी टाळायची असेल तर मोठ्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयातली ओपीडी घ्या. तिथल्या बाकावर कोण कशासाठी बसलंय ते कळत नाही.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

एक कागद. घरी निवांत बसून लिहिलेला. त्रास कधीपासून, आधी काय बदललं, झोप किती, भूक कशी, वजन उतरलं का, दारू-तंबाखू-गांजा किती (खरा आकडा), आधी कुठे दाखवलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली होती का. बायकांनी पाळी, गरोदरपण आणि बाळाला अंगावर पाजणं या गोष्टी सांगायच्याच, कारण काही औषधं, विशेषतः फिट्सवर आणि बायपोलरवर देतात ते व्हॅलप्रोएट, गरोदरपणात बाळाला अपाय करतात. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी दोन आठवडे उलटले तरी रडतेय, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, तर "होतं असं पहिलटकरणीला" म्हणत सव्वा महिना संपायची वाट बघू नका.

सोबत घरचं एक माणूस असावं, एकच. चार जण आत शिरले की रुग्ण गप्प होतो आणि मोठे काका बोलत राहतात. डॉक्टरला रुग्णाशी एकट्याने बोलायला पाच मिनिटं मागा. तो स्वतःहून देत नसेल तर आवर्जून मागा. तिथे सांगितलेलं गुप्त राहणं हा रुग्णाचा कायद्याने हक्क आहे.

उठण्याआधी चार गोष्टी कळल्या पाहिजेत. काय झालंय असं तुम्हाला वाटतं? ही गोळी कशासाठी? फरक कधी पडेल? पुन्हा कधी येऊ? चौथ्याचं उत्तर तारीख म्हणून घ्या आणि तिथेच नंबर लावा. घरी जाऊन "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणालात की ती भेट बहुधा होत नाही.

गोळ्यांचं

सगळ्यात जास्त उपचार इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

उदासीवर आणि चिंतेवर सुरुवातीला बहुधा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांच्यापैकी काहीतरी देतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, अस्वस्थपणा, डोकं जड होणं हा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. म्हणजे आधी त्रास, मग आराम. हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे आठव्या दिवशी माणूस "गोळी सोसली नाही" म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतो. त्रास सोसवत नसेल तर डॉक्टरला फोन करा. मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, गोळी बदलता येते. अस्वस्थपणा फार वाढला किंवा जीव द्यायचे विचार जोर धरू लागले तर त्याच दिवशी कळवा, विशेषतः रुग्ण तरुण असेल तर.

दुसरी फसगत बरं वाटल्यावर होते. दोन महिन्यांत माणूस हसायला लागतो, घरचे म्हणतात आता कशाला औषध. पहिल्यांदाच आजार झाला असेल तरी पूर्ण बरं वाटल्यानंतर सहा महिने किंवा त्याहून जास्त गोळी चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना हळूहळू उतरवतात. स्किझोफ्रेनिया (आवाज, संशय) आणि बायपोलर (कधी भलता उत्साह, कधी उदासी) यांत हा काळ बराच मोठा असतो. "आयुष्यभर लागेल का?" हा प्रश्न घरचे दबक्या आवाजात बाहेर कंपाउंडरला विचारतात. तो आत, डॉक्टरला विचारा.

बायपोलरवर देतात ते लिथियम चालू असेल तर रक्तातलं प्रमाण, थायरॉइड आणि किडनी यांची तपासणी ठरल्या वेळी झालीच पाहिजे. उन्हात घाम गाळून चालणं, जुलाब-उलट्या, ब्रुफेनसारखी अंगदुखीची गोळी यांनी ते प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून वारीला निघण्याआधी डॉक्टरला सांगून जा. स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांनी रक्ताच्या पेशींची तपासणी चुकवायची नाही.

खर्चासाठी जनऔषधी केंद्रात विचारा. यातली बरीचशी औषधं तिथे मूळ नावाने, खूपच स्वस्त मिळतात. ब्रँड बदलताना डॉक्टरला मात्रा दाखवून घ्या.

बोलून करायचे उपचार

मध्यम शहरात खरी टंचाई इथे आहे. मानसोपचारतज्ज्ञ मिळतो, पण आठवड्याला पाऊण तास देऊन मराठीत नीट उपचार करणारा सायकॉलॉजिस्ट शोधावा लागतो. डॉक्टरलाच विचारा, "तुम्ही कुणाकडे पाठवता?" बहुतेकांचं कुणीतरी ठरलेलं असतं. नाहीच मिळालं तर पुण्या-मुंबईतल्या माणसाशी व्हिडिओवर सुरुवात करा. घरात एकांत नसेल तर रंकाळ्याच्या कट्ट्यावर किंवा गाडीत बसून, कानात इअरफोन घालून बोलणारेही आहेत, आणि त्यांचं भागतं.

चांगला समुपदेशक पहिल्या दोन-तीन भेटींत सांगतो की आपण कशावर काम करणार, साधारण किती भेटी लागतील. घरी करायला काहीतरी देतो. दर वेळी नुसतं सांत्वन होतंय, उपदेश मिळतोय, पत्रिका बघितली जातेय किंवा लग्न केलं की सगळं ठीक होईल असं ऐकायला मिळतंय, तर दुसरा बघा.

मुलांसाठी शाळेतल्या समुपदेशकाला आधी भेटा. मारहाण, अत्याचार, पळून जाणं असं काही असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक.

दाखल करायची वेळ आली तर

दाखल होणं म्हणजे कोंडून घालणं नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्ण स्वतः तयार असेल तर स्वतःच्या सहीने दाखल होतो. निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर कलम ८९ खाली, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ अशा दोघांनी स्वतंत्र तपासून आणि नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या, अर्जावरून, जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. पुढे ठेवायचं तर वेगळी प्रक्रिया आहे. हा प्रतिनिधी कोण असावा हे बरं असताना साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. ज्यांना अधूनमधून आजार उसळतो त्यांनी तो कागद करून फाईलला लावून ठेवावा. आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हेही आधी लिहून ठेवता येतं. बेड्या, साखळदंड आणि भूल न देता दिलेला शॉक यांना कायद्याने बंदी आहे. भूल देऊन, नीट देखरेखीखाली दिलेला शॉक हा मात्र चांगला उपचार आहे, सिनेमात दाखवतात तसा नसतो.

सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला आंबा घाट उतरून रत्नागिरी. पण थेट तिकडे धावण्याची गरज बहुतेकांना नसते. आधी सीपीआर किंवा मिरज, तिथून सांगितलं तर पुढे. निदानच गुंतागुंतीचं असेल आणि दुसरं मत हवं असेल तर हायवेवरच धारवाडची डिमहान्स आणि पुढे बंगळूरची निमहान्स या मनोविकारांवरच्या सरकारी संस्था आहेत. मत घ्या, उपचार गावात चालवा.

व्यसनमुक्ती केंद्रांबाबत सावध राहा. गाडी पाठवून माणूस उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही, आगाऊ पैसे भरा, असं कुणी सांगत असेल तर नको. मनोरुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, तिचा कागद मागा. मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतो ते विचारा, आणि न कळवता एकदा स्वयंपाकघर आणि संडास बघून या.

पैसे आणि कागदपत्रं

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यायचा आहे. दाखल झाल्याचा खर्च मागता येतो, ओपीडीचा बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

आजार लांबला आणि कामधंदा ठप्प झाला तर दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात डॉक्टरांचं मंडळ तपासतं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघालं तर पुढच्या योजनांची दारं उघडतात. लग्न मोडेल या धास्तीने लोक हे टाळतात, म्हणून घाई नको, पण माहीत असावं.

घरच्यांसाठी, आणि देवळाबद्दल

रुग्णाइतकंच घरचं माणूस थकतं. दारूच्या बाबतीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीत होतात, फी नसते, आणि कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे. व्यसनमुक्तीत साताऱ्याचं परिवर्तन आणि पुण्याचं मुक्तांगण, स्किझोफ्रेनियासाठी पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, मानसिक आरोग्यासाठी ठाण्यात आयपीएच या संस्थांचं काम जुनं आहे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायची त्यांना सवय आहे.

आता वाडी. आपल्याकडे माणूस विचित्र वागायला लागला की आधी नरसोबाच्या वाडीला नेतात, मग औदुंबर, मग गाणगापूर. त्यावरून घरच्यांशी भांडण काढू नका, त्यात महिने जातात. वाडीला जा, पालखीला उभे राहा, पौर्णिमा करा. गोळी चुकवायची नाही, एवढी एकच अट घाला. गुजरातेत मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा शेजारी-शेजारी चालवण्याचा प्रयोग झालाच आहे. पण कुणी भूत उतरवायला मारायला लागलं, मिरच्यांची धुरी द्यायला लागलं, उपाशी ठेवायला लागलं, तर तिथून माणूस बाहेर काढा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

डॉक्टर बदलायचा कधी

दोन-अडीच महिने नीट गोळ्या घेऊनही काहीच फरक नाही आणि डॉक्टर त्यावर बोलायलाही तयार नाही, प्रश्न विचारला की चिडतो, रुग्णासमोर "नाटकं आहेत" म्हणतो, किंवा प्रत्येक भेटीत एक गोळी वाढतेच, तर बदला. मात्र न सांगता गोळ्या थांबवून नवीन डॉक्टर शोधत बसू नका. जुन्या चालू ठेवून नवा गाठा. दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड, सगळ्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. उपचाराच्या नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २५ देतं. कोणती गोळी किती मात्रेत, किती दिवस घेतली आणि तिने काय झालं, एवढी यादी पहिल्या पानावर लिहा. नव्या डॉक्टरच्या टेबलावर आधी ते पान ठेवा.